नळ्या देवाला, मटण आपल्याला

मागच्या अंकात कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधल्या पोसायडनच्या छोट्या ब्रॉन्झ मूर्तीबद्दल लिहिताना मी ओघात म्हणून गेलो की, आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या या ग्रीक समुद्रदेवाला त्याच्या मुलखात काळ्या बैलांचा बळी देत. एवढंच एक वाक्य. पण पत्रांचा गठ्ठा आला तो सगळा त्या वाक्यावर, मूर्ती राहिली बाजूला. म्हणून यावेळचं सदर बळी या एकाच विषयाला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण जन्मलो मंगळवार पेठेतल्या एका खाटकाच्या घरात. त्यामुळे काही उत्तरांना पोथ्यांचा वास येईल, काहींना दुकानाचा.

प्रश्न : ललिता पंचमीला टेंबलाईवर कोहळा फोडतात. आमचे सर म्हणाले, पूर्वी माणसाचा बळी असायचा, नंतर बकरं आलं, मग कोहळा. माणूस सुधारत गेला तसा बळी लहान होत गेला. हे खरं का? (एक विद्यार्थिनी, कागल)

उत्तर : तुझ्या सरांचं वाक्य परीक्षेत लिहिण्याजोगं आहे, म्हणूनच मला त्याची जरा धास्ती वाटते.

आधी टेंबलाईचं बघू. अंबाबाईची पालखी त्या दिवशी त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या, भेटीला टेकडीवर जाते. त्र्यंबोली रुसलेली, विजयाच्या सोहळ्यात आपला मान राखला नाही म्हणून गावाकडं पाठ करून बसलेली. तिची समजूत काढायला मोठी बहीण स्वतः येते आणि कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडला जातो. क्षणात त्याचे तुकडे होतात आणि ते मिळवायला जी झोंबाझोंबी चालते, तिच्यात माझी एक चप्पल १९७० च्या आसपास गेली ती गेलीच. आता बघ, या कथेत कोहळा आहे तो राक्षसाच्या जागी. त्याच्याखाली आधी कापलेलं माणूस शोधायची गरजच नाही.

कोहळ्याला शास्त्राचाही आधार आहे. कालिका पुराणात बळींची यादी आहे, तिथं कोहळा आणि ऊस हे देवीच्या तृप्तीसाठी बोकडाच्या बरोबरीचे म्हटलेत. उसाची गोष्ट आपल्याकडच्या कारखानदारांनी अजून कशी वापरली नाही, कोण जाणे.

त्याहून जुनं सांगायचं तर ऐतरेय ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ. त्यात असं आहे की, देवांनी आधी माणसाचा बळी दिला, तेव्हा त्याच्यातला ‘मेध’, म्हणजे यज्ञाला लागणारं सत्त्व, निसटून घोड्यात शिरलं. घोड्यातून गाईत, गाईतून मेंढीत, मेंढीतून बकऱ्यात, आणि तिथून जमिनीत. जमिनीतून वर आलं ते भात होऊन. म्हणून तांदळाच्या पिठाचा पुरोडाश, म्हणजे यज्ञातली भाकरी, केला की पशूच दिल्यासारखं झालं. आणि हे नुसतं मोघम म्हणून सोडलेलं नाही. भाताचं कूस म्हणजे पशूचे केस, टरफल म्हणजे कातडं, सडताना निघतो तो कोंडा म्हणजे रक्त, पीठ म्हणजे मांस, आणि उरला तो कठीण भाग म्हणजे हाड. आजऱ्याचा घनसाळ सडताना एकदा हे आठवून बघ, उखळाकडं बघायची नजर बदलते.

हे वाचून तुझे सर म्हणतील, बघा, झालं की माझंच खरं. माणूस, घोडा, बकरं, भात. पण जिथं तारखा हाती लागतात तिथं गोष्ट इतकी सरळ चालत नाही. इजिप्तमध्ये अबायडोसला पहिल्या राजवंशातल्या जेर राजाच्या थडग्याभोवती तीनशेच्या वर सेवकांच्या कबरी आहेत. हा काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा. पुढं इजिप्तच्या थडग्यांत ‘उशाब्ती’ नावाच्या चिमुकल्या बाहुल्या ठेवू लागले. परलोकात कामाची हाक आली की धन्याच्या वतीनं बाहुलीनं ओ द्यायची, ‘मी आहे’. छान. पण सेवक पुरणं बंद झालं आणि बाहुल्या आल्या, यात हजारेक वर्षं मोकळी गेली. एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं, असा काही बदलीचा हुकूम निघाला नव्हता.

चीनमध्ये तर आणखी घोळ. छिन राज्याचा मू नावाचा अधिपती इसवी सनापूर्वी ६२१ मध्ये मेला, त्याच्याबरोबर १७७ माणसं गेली. ३८४ मध्ये त्याच राज्यानं ही प्रथा कायद्यानं बंद केली. पुढं त्याच घराण्यातल्या पहिल्या सम्राटासाठी हजारो मातीचे सैनिक पुरले, १९७४ साली विहीर खणताना सापडले ते. वाटतं, चला, माणसांची जागा मातीनं घेतली. पण सिमा छियान हा इतिहासकार लिहून ठेवतो की, त्याच सम्राटाबरोबर इसवी सनापूर्वी २१० मध्ये मूल नसलेल्या राण्या पुरल्या आणि थडग्याची आतली यंत्रं बनवणारे कारागीरही आत कोंडले. म्हणजे कायदा होऊन पावणेदोनशे वर्षं झालेली, मातीची फौज उभी, तरी माणसं गेलीच. कन्फ्यूशियसला तर या बाहुल्यांचीच चीड होती. ज्यानं पहिल्यांदा माणसासारखी बाहुली करून पुरली त्याचा निर्वंश होवो, असं तो म्हणाल्याचं मेन्शियसनं नोंदवलंय. बाहुली हुबेहूब झाली की माणसं पुरायची आठवण जागी राहते, असा त्याचा अर्थ काही टीकाकार लावतात. मला तो पटतो.

रोममध्ये दर मे महिन्यात गवताच्या बाहुल्या पुलावरून टायबर नदीत टाकत. त्याच रोमनं इसवी सनापूर्वी २१६ मध्ये, हॅनिबलनं कॅनीच्या लढाईत धूळ चारल्यावर, घाबरून दोन गॉल आणि दोन ग्रीक माणसं बाजारात जिवंत पुरली. माणसाचा बळी देऊ नये असा ठराव त्यांच्या सिनेटनं केला तो ९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ एकशे वीस वर्षांनी.

अल्जेरियात न्गाऊस इथं सॅटर्न देवाला वाहिलेले दगड आहेत, रोमन काळातले. मूल जगावं म्हणून आईबापांनी कोकरू दिलंय आणि लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय: प्राणाबद्दल प्राण, रक्ताबद्दल रक्त, जिवाबद्दल जीव. ‘बदली कोकरू’ असाच शब्द आहे त्यात. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आता लांब कशाला, टेंबलाईकडंच परत ये. आषाढात मंगळवारी, शुक्रवारी गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी घेऊन बायका त्याच टेकडीवर जातात, पुढं पी ढबाक वाजत असतं, आणि त्या यात्रेला बकरं पडतं. आश्विनात कोहळा, आषाढात बकरं. एकच टेकडी, एकच देवी. बदली आली म्हणून मूळ जातं असं नाही, दोघं शेजारी नांदतात. सरांना माझा नमस्कार सांग आणि परीक्षेत मात्र त्यांचंच उत्तर लिही.

प्रश्न : ग्रीक लोक देवाला हाडं देऊन मटण स्वतः खायचे म्हणे. हे थट्टेनं लिहिलेलं असेल ना? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : थट्टा नाही, रोजचा विधी होता. मी कॉलेजात असताना हे वडिलांना सांगितलं. ते सत्तूर ठोकळ्यावर टेकवून म्हणाले, “नळ्या जाळल्या? मग पांढरा रस्सा कशाचा करायचे?”

विधी असा. मांडीची हाडं मटण उतरवून कोरी करायची, चरबीच्या पदरात गुंडाळायची आणि वेदीवर जाळायची. धूर देवाला. का, तर हेसिऑड या ग्रीक कवीनं गोष्ट सांगितली आहे. देव आणि माणसं यांच्यात बैलाचे वाटे करायचे होते. माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमीथियसनं एका वाट्यात चांगलं मटण घालून ते बैलाच्या पोटाच्या पिशवीत दडवलं, म्हणजे वरून दिसायला नुसती वजडी. दुसऱ्यात कोरी हाडं रचून वर चकचकीत चरबी पसरली. देवांचा राजा झ्यूस यानं चरबीचा वाटा उचलला आणि तेव्हापासून देवाच्या वाट्याला हाडं आली. ही गोष्ट वडिलांना फार आवडली. वर चरबीचा पदर आणि आत हाड, हा खाटकाच्या धंद्यातला सगळ्यात जुना आरोप आहे. प्रत्येक गिऱ्हाईक पारड्याकडं त्याच नजरेनं बघत असतं.

माकडहाडासकट शेपूटही आगीत घालत. ती तापून कमान करून वर वळली की देव प्रसन्न. ग्रीक भांड्यांवर ही वळलेली शेपटी चितारलेली आहे. यात चमत्कार नाही, आतले स्नायू आखडतात आणि शेपूट वळतेच. मग काळीज, फुप्फुस, गुर्दे सळ्यांना टोचून भाजायचे आणि जवळच्या मंडळींनी तिथंच खायचे. बाकी मटण शिजवून वाटे. होमर वारंवार ‘समान वाट्याची पंगत’ म्हणतो, आणि जेवणाला त्यांचा जो शब्द आहे तो वाटणे या धातूवरूनच आलाय. कापणारा, सोलणारा आणि शिजवणारा यांना मिळून शब्द एकच, ‘मागेइरोस’. म्हणजे आमचे वडील आणि आमचे आचारी काका, दोन्ही एकात.

काळजाबद्दल थोडं सांगतोच. वडील बकरं सोललं की काळीज आधी हातात घ्यायचे, उजेडाकडं धरून अंगठा फिरवायचे. पानासारखी चपटी कीड निघाली की ते बाजूला टाकायचं, कितीही गिऱ्हाईक उभं असो. बॅबिलोनचे पुरोहित नेमकं हेच करत, फक्त त्यांना त्यात कीड नाही, राजाचं भविष्य दिसायचं. मेंढीच्या काळजाची मातीची प्रतिकृती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, चौकोन आखलेली, भोकं पाडलेली. कुठल्या कोपऱ्यात खूण दिसली तर काय अर्थ, हे शिकायची पाटीच ती. इटलीत पियाचेंझाजवळ १८७७ मध्ये एका शेतकऱ्याला नांगरताना ब्रॉन्झचं काळीज सापडलं, इट्रस्कन लोकांचं, त्यावर चाळीसेक खणांत देवांची नावं कोरलेली. वडिलांना मी त्याचा फोटो दाखवला होता. “पित्ताची पिशवी बरोब्बर जागेवर हाय की,” एवढंच बोलले. त्या कारागिराला याहून मोठी दाद कुणी दिली नसेल.

आणि आपल्या टाऊन हॉलमधला पोसायडन? ओडिसीमध्ये पायलॉसच्या किनाऱ्यावर त्याला बळी देतात. नऊ पंगती, पंगतीला पाचशे माणसं, पंगतीमागे नऊ काळे बैल. म्हणजे ८१ बैल आणि ४,५०० माणसं, बैलामागे पंचावन्न तोंडं. जुन्या काळचा लहान चणीचा बैल, सव्वाशे किलो मटण धरा, तरी माणशी दोन किलोच्या वर जातं. कवीचा आकडा आहे, पण ऐकणाऱ्याला कशाचं सुख वाटत होतं ते त्यातून कळतं. एरवी त्या लोकांच्या ताटात जव, मासे आणि ऑलिव्ह. बैलाचं मटण देवाच्या निमित्तानंच.

हिशेबही चोख. अथेन्सनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सरकारी बळींची कातडी विकून कुठल्या सणाला किती पैसे आले ते दगडात कोरून ठेवलंय. जवळच्या एर्खिया गावाच्या बळींच्या वेळापत्रकात किमती आहेत: डुकराचं पिल्लू ३ द्राख्मा, मेंढी १०. काही बळींपुढं शेरा आहे, ‘बाहेर न्यायचं नाही’. आपल्याकडंही काही देवस्थानांत मटण तिथंच संपवून यायचं असतं, घरी न्यायचं नाही. पातेलं घासूनच निघायचं.

प्रश्न : आमच्या जत्रेत बकऱ्यावर पाणी शिंपडून ते अंग झाडेपर्यंत थांबतात. झाडलं की देवानं मान्य केलं. ही फक्त आपल्याकडचीच पद्धत का? (एक वाचक, भुदरगड तालुका)

उत्तर : नाही. डेल्फीच्या अपोलोच्या मंदिरात हेच होतं, आणि तेही बकऱ्याबरोबरच. कौल लावायच्या आधी बकऱ्यावर गार पाणी ओतायचं, ते सगळ्या अंगानं थरथरलं तरच देवाला बोलायची इच्छा आहे असं समजायचं. प्लुटार्क हा लेखक त्या मंदिराचा पुजारी होता, त्यानं एक प्रसंग लिहून ठेवलाय. परगावचे पाहुणे कौल घ्यायला आलेले. बकरं काही केल्या थरथरेना. पाहुण्यांना नाराज कसं करायचं म्हणून पुजाऱ्यांनी पाणी ओतत ओतत त्याला पार भिजवून काढलं, तेव्हा कुठं ते हललं. कौल सांगणारी बाई नाखुशीनंच आत गेली. तिचा आवाज घोगरा झाला, ती किंचाळत बाहेर धावली आणि कोसळली. थोड्याच दिवसांत वारली.

लहानपणी मी एका जत्रेत बघितलं होतं. बकरं ढिम्म. पाऊण तास झाला, बायकांनी गाऱ्हाणी घातली, पोरं भुकेली. शेवटी एका म्हाताऱ्यानं हळूच त्याच्या कानात चूळभर पाणी सोडलं. कानात पाणी गेलं की कुठलंही जनावर अंग झाडतं. सगळ्यांनी चांगभलं म्हटलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. प्लुटार्क वाचताना मला तोच म्हातारा दिसत होता.

याला जनावराची संमती म्हणायची का, यावर अभ्यासक भांडतात. पण मारणाऱ्याच्या मनावर ओझं होतं हे मात्र अथेन्सच्या ‘बुफोनिया’ या विधीवरून दिसतं. शब्दाचा अर्थच ‘बैलाचा खून’. उन्हाळ्यात झ्यूसच्या वेदीवर धान्य ठेवायचं आणि बैल तिच्याभोवती फिरवायचे. जो बैल ते धान्य खाईल तो देवाचा गुन्हेगार. एकानं त्याच्यावर कुऱ्हाड घालायची आणि ती टाकून पळून जायचं, दुसऱ्यानं सुरीनं गळा चिरायचा. मटण सगळ्यांनी खायचं, आणि मग खटला उभा करायचा. पाणी आणणाऱ्या मुलींना विचारलं, तर त्या म्हणायच्या धार लावणाऱ्यांचा दोष. धार लावणारे म्हणायचे कुऱ्हाड ज्यानं हातात दिली त्याचा. तो म्हणायचा गळा चिरणाऱ्याचा, आणि गळा चिरणारा बोट दाखवायचा सुरीकडं. सुरीला काही बोलता येईना. ती दोषी ठरली, समुद्रात बुडवली. एवढ्यावर भागेना म्हणून कातड्यात गवत भरून बैल पुन्हा उभा करायचा आणि नांगराला जुंपायचा.

बेंदराला मातीचे बैल पुजणाऱ्या आपल्या लोकांना तो गवताचा बैल चांगला समजेल. कुणाला हा पोरखेळ वाटतो, मला तर प्राचीन जगातला सगळ्यात प्रामाणिक विधी वाटतो. आमच्याकडंही यात्रेचं बकरं कापायला मुलाणी यायचे, मुंडी आणि कातडं घेऊन जायचे. गल्लीतला एकही माणूस सुरीला हात लावायचा नाही आणि जेवायला एकही कमी नसायचा.

प्रश्न : अ‍ॅझ्टेक लोकांनी चार दिवसांत ८०,४०० माणसांचा बळी दिला हे व्हिडिओत पाहिलं. शक्य आहे का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : पाटी-पेन्सिल घ्या. १४८७ साली त्यांच्या मुख्य मंदिराच्या सोहळ्यातला हा आकडा आहे. चार दिवस, रात्रंदिवस धरले तरी तासाला ८३७, मिनिटाला चौदा. चार ठिकाणी एकदम काम चाललं तरी एका ठिकाणी सतरा सेकंदांत एक माणूस, छाती फोडून हृदय काढून. ज्यानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं मटणाचं दुकान आतून पाहिलंय तो या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

म्हणून सगळंच खोटं असंही नाही. मेक्सिको सिटीत २०१५ मध्ये कवट्यांचा मनोरा सापडला, त्यात आतापर्यंत सहाशेच्या वर कवट्या निघाल्यात, बायकांच्या आणि मुलांच्याही. आकडा फुगवलेला, गोष्ट खरी. मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त लक्षात राहिली. हेच लोक आपल्या युद्धदेवाची मूर्ती राजगिऱ्याच्या पिठाची करत, तिचेही तुकडे पाडून वाटून खात. राजगिरा मूळचा तिकडचाच. एकादशीला लाडू खाताना सांगू नका घरात, मी सांगून बघितलंय.

प्रश्न : वैदिक यज्ञात हिंसा नव्हतीच. हे सगळं परकीयांनी घुसडलेलं आहे. आपण हिंदू असून असं लिहिता याचं वाईट वाटलं. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं वाईट वाटणं मी मनावर घेतलं, मत नाही घेतलं.

वर सांगितलेल्या ऐतरेय ब्राह्मणातच यज्ञपशूचे ३६ वाटे दिलेत, जिभेसकट जबडा प्रस्तोत्याला, आणि असंच पुढं एकेका ऋत्विजाला. इतकी बारकाईची यादी परकीय माणूस घुसडेल तर त्याला आधी खाटकाकडं उमेदवारी करावी लागेल. आपल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाई नोंदल्यात. सातवाहनांची नाणी आपल्या ब्रह्मपुरीतही निघाली आहेत, म्हणजे ही मंडळी काही लांबची नव्हेत.

मात्र तुमच्या बाजूचा माणूसही त्याच परंपरेत आहे, आणि तो तुम्ही का पुढं करत नाही याचं मला नवल वाटतं. महाभारताच्या शांतिपर्वात देव आणि ऋषी यांचं भांडण आहे. यज्ञात ‘अज’ द्यावा असं वेद म्हणतो. देव म्हणाले अज म्हणजे बोकड. ऋषी म्हणाले नाही, अज म्हणजे बी, धान्य. उपरिचर वसू राजाला पंच केलं. त्यानं देवांची बाजू घेतली, बोकड म्हणाला, आणि ऋषींच्या शापानं आकाशातून थेट जमिनीच्या पोटात गेला. म्हणजे हा वाद घरातलाच, दोन हजार वर्षं जुना. अशोकानं पहिल्या शिलालेखात पशुबळीला मनाई केली, आणि आपल्या मुदपाकखान्यात आता रोज दोन मोर आणि एक हरीण एवढंच मारतात, हरीण तेही नेहमी नाही, असं खुलेपणानं सांगितलं. ते ‘नेहमी नाही’ मला फार आवडतं. मांसाहार सोडू बघणारा कुठलाही कोल्हापूरकर याच भाषेत बोलतो.

आणि शुनःशेपाची कथा तर वाचाच. हरिश्चंद्रानं वरुणाला मुलगा कबूल केला आणि आज-उद्या करत राहिला. मग त्या मुलानंच, रोहितानं, आपल्या जागी दुसऱ्याचा मुलगा विकत घेतला, अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाचा शुनःशेप. बापानं शंभर गाई घेऊन पोरगं दिलं. खांबाला बांधायला कुणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापानंच बांधलं. मारायलाही कुणी पुढं येईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन तोच सुरी परजत आला. पोरगं स्तोत्रं म्हणून सुटलं आणि विश्वामित्राचा मुलगा झालं, बापाकडं परत गेलं नाही. ज्यांनी ही कथा सांभाळली त्यांना बळी म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

प्रश्न : बळी न दिल्याबद्दल कधी शिक्षा झाली आहे का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : झाली आहे, आणि दिल्याचा दाखलाही मिळत असे! रोमन सम्राट डेसियसनं फर्मान काढलं की प्रत्येकानं देवांना बळी द्यावा आणि तसं लेखी घ्यावं. इसवी सन २५० मधले असे चाळीसेक दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. मजकूर ठरलेला: मी कायम बळी देत आलो आहे, आताही आपल्यासमक्ष दिला, प्रसाद चाखला, तरी खाली सही करावी ही विनंती. खाली साक्षीदार. ख्रिस्ती लोकांची यात पंचाईत झाली, काहींनी जीव दिला, काहींनी पैसे मोजून दाखला मिळवला. त्याआधी एकशे चाळीसेक वर्षं प्लिनी नावाच्या अधिकाऱ्यानं सम्राटाला कळवलं होतं की, ख्रिस्ती वाढल्यामुळं बळीच्या मटणाला गिऱ्हाईक मिळेना झालं होतं, आता पुन्हा खप सुरू झालाय. धर्माची खबर मटणाच्या खपावरून घेणारा हा अधिकारी आमच्या वडिलांना पटला असता.

प्रश्न : यंदा माझ्या नातवानं टेंबलाईवरून कोहळ्याचा तुकडा मिळवून आणला. देव्हाऱ्यात ठेवलाय, पण आता वास यायला लागलाय. टाकायचा कसा? (एक आजी, शिवाजी पेठ)

उत्तर : आजी, देव्हाऱ्यातून तो आजच काढा, बुरशी लाकडाला लागते. आमच्या आईनं काय केलं ते सांगतो. आमच्या दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून अख्खा कोहळा टांगलेला असायचा. खाली आकड्याला बकरी, वर शिंक्यात त्यांची बदली. लहानपणी त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. एका वर्षी तो वरच्या वर सडला आणि ऐन रविवारी, दुकानात गर्दी असताना, थेट पारड्यात फुटला. वजन केलेलं दोन किलो मटण वाया गेलं, गिऱ्हाईकाचा पांढरा शर्टही. वडील चिडले, आई मात्र सुपात बिया वेचत बसली. राखेत चोळून वाळवल्या आणि मागच्या परड्यात टोचल्या. वेल पत्र्यावर चढला आणि त्या वर्षी अकरा कोहळे उतरले.

तुमच्या तुकड्यात बिया असतील तर तेवढ्या काढून घ्या, बाकीचा तुळशीच्या मातीत पुरा. वेल धरला तर उन्हाळ्यात सांडगे घाला. कोहळा किसून पिळून घ्यायचा, भिजवलेली उडदाची डाळ जाडसर वाटून मिसळायची, हिरवी मिरची जरा सढळ. आई तळलेले सांडगे तांबड्या रश्श्याबरोबर वाढायची.